यदृच्छेची पारख : घरी बनविलेले संख्यायंत्र आणि त्याच्या कसोट्या



शेतातील उभ्या पिकाचे उत्पन्न किती येईल, हे ठरविण्यासाठी महाराष्ट्रात दर हंगामात पीक कापणी प्रयोग करण्यात येतात. राज्यातील प्रत्येक शेतातील धान्य कापून, मळून, मोजून पाहणे शक्य नसते. म्हणून काही गावे निवडण्यात येतात, त्या गावांतील काही शेते निवडण्यात येतात आणि त्या शेतांतही एक लहानसा आयताकृती तुकडा आखण्यात येतो. त्या तुकड्यातील धान्याच्या वजनावरून साऱ्या परिसराची सरासरी काढली जाते आणि पीक विम्याची भरपाई बऱ्याच अंशी याच सरासरीवर अवलंबून राहते.

मग ही निवड कोणी करावयाची? पाहणीस आलेल्या माणसाने सडकेलगतचे, विहिरीच्या पाण्यावरचे हिरवेगार शेत निवडले, तर सरासरी फुगेल आणि माळरानावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरी काहीच पडणार नाही. गावकऱ्यांनी मुद्दाम करपलेले शेत दाखविले, तर चूक उलट दिशेने होईल. माणूस प्रामाणिक असला तरी त्याची नजर कोठेतरी झुकतेच. म्हणून ही निवड माणसाच्या हातून काढून यादृच्छिक संख्यांच्या हाती सोपविलेली असते. शेताचा सर्व्हे क्रमांक अशा संख्येने ठरतो. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबीकडे किती पावले आणि रुंदीकडे किती पावले चालावयाचे, हेही अशाच संख्या सांगतात.

या पद्धतीच्या घडणीत महाराष्ट्राच्या सुपुत्रांचा वाटा मोठा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. विनायक गोविंद पानसे यांनी १९४० नंतरच्या दशकात पीक कापणीच्या यादृच्छिक नमुना पाहणीची पद्धत देशात रूढ केली. बंगालमध्ये प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तागाच्या पिकाच्या नमुना पाहण्या त्याआधीच सुरू केल्या होत्या. किती मोठा तुकडा कापावा, याविषयी या दोन परंपरांत मतभेद झाले. निवड मात्र यदृच्छेनेच व्हावी, याविषयी दुमत नव्हते.

आज पीक पाहणीखेरीज इतरही अनेक ठिकाणी या संख्यांना मान आहे. म्हाडाच्या घरांची सोडत, शिक्षण हक्क कायद्याखालील पंचवीस टक्के जागांचे प्रवेश, नव्या औषधाची चाचणी, बँकेच्या व्यवहारांना कुलूप घालणाऱ्या गुप्त किल्ल्या या साऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : पुढचा अंक कोणता येईल, हे कोणालाही आधी सांगता येता कामा नये.

यदृच्छा म्हणजे अव्यवस्था नव्हे

यादृच्छिक अंकमालेस दोन गुण असावे लागतात. पहिला गुण समानतेचा. शून्यापासून नऊपर्यंत प्रत्येक अंकास सारखीच संधी हवी. दुसरा गुण स्वतंत्रतेचा. आधी आलेल्या अंकांवरून पुढच्या अंकाचा सुगावा लागता कामा नये. पहिला गुण पारखणे सोपे आहे. खरी परीक्षा दुसऱ्या गुणाची असते.

माणसाच्या मनाला हा दुसरा गुण साधत नाही. एखाद्या वर्गातील निम्म्या विद्यार्थ्यांना नाणे दोनशे वेळा उडवून छापा-काटा लिहून काढण्यास सांगावे आणि उरलेल्यांना नाण्याशिवाय, मनानेच तशी यादी करण्यास सांगावे. कोणती यादी खरी आणि कोणती मनची, हे जाणता शिक्षक बहुतेक वेळा ओळखू शकतो. खऱ्या नाण्याच्या यादीत लागोपाठ सहा किंवा त्याहून अधिक वेळा एकच बाजू आलेली जवळजवळ नेहमीच आढळते. मनाने यादी करणारा मात्र चार-पाच छापे झाले की दचकतो आणि काटा लिहून मोकळा होतो.

चिठ्ठ्या टाकणेही वाटते तितके निर्दोष नसते. अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ रोजी व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांची सक्तीची भरती ठरविण्याकरिता ३६६ जन्मतारखांच्या डब्या एका बरणीतून काढण्यात आल्या. ज्याची तारीख आधी निघेल, त्याला आधी बोलावणे. सोडत निर्दोष असती तर प्रत्येक महिन्याच्या तारखांचा सरासरी क्रम १८३ च्या जवळपास आला असता. प्रत्यक्षात जानेवारीचा सरासरी क्रम २०१ तर डिसेंबरचा अवघा १२१ च्या घरात आला. डब्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि पुरेशा ढवळल्या गेल्या नव्हत्या. डिसेंबरात जन्मलेल्या मुलांना रणांगणाचा रस्ता जवळचा झाला, तो या अपुऱ्या ढवळण्यामुळे. पुढील वर्षीच्या सोडतीत यादृच्छिक संख्यांची मदत घेण्यात आली.

कोष्टकापासून यंत्रापर्यंत

प्रारंभी या संख्या पुस्तकांतून मिळत. १९२७ साली टिपेट यांनी जनगणनेच्या अहवालांतील आकड्यांवरून ४१,६०० अंकांचे कोष्टक प्रसिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध झालेल्या जॉन केरिच या गणितज्ञाने नाणे १०,००० वेळा उडविले. त्यांत ५,०६७ वेळा छापा आला.

अमेरिकेतील रँड संस्थेने १९४७ मध्ये विजेवर चालणारे यंत्र बांधले आणि १९५५ मध्ये दहा लक्ष अंकांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या यंत्रात सेकंदाला सुमारे एक लक्ष अनियमित स्पंदे निर्माण होत. सेकंदातून सुमारे एकदा ती मोजणाऱ्या गणकाची स्थिती टिपली जाई आणि तीवरून एक अंक मिळे. यंत्र उत्तम होते, परंतु जुळणी ढळली की त्याच्या अंकांत झुकाव दिसू लागे, असे चाचण्यांत आढळले. अखेर अंकांची आपसांत बेरीज करून, हातचा सोडून, अंतिम कोष्टक तयार करावे लागले. यंत्र बांधणे हे अर्धेच काम होय. त्यावर सतत पहारा ठेवणे हे उरलेले अर्धे, हा धडा तेव्हापासून शास्त्रज्ञांनी गिरविला.

इंग्लंडमध्ये १९५७ पासून प्रीमियम बाँडची सोडत ‘अर्नी’ या यंत्राने होऊ लागली. पहिल्या अर्नीत निऑन वायूच्या नळ्यांतून वाहणाऱ्या विजेची अनियमित थरथर वापरली होती. युद्धकाळात कोलोसस हे संकेतभेदी यंत्र उभारणारे टॉमी फ्लॉवर्स हे त्याच्या निर्मात्यांपैकी एक होते.

संगणकही यादृच्छिक संख्या देतो, मग असे यंत्र कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. संगणकातील साधा कार्यक्रम एका सूत्राने संख्या काढतो. सूत्र तेच आणि आरंभीचे बीज तेच असले, तर मालिकाही तीच निघते. हिशेबी प्रयोगांसाठी हे सोयीचे असते. पण बीज ज्याला ठाऊक, त्याला सारी मालिका ठाऊक. २००६ ते २००८ या काळात डेबियन या संगणकप्रणालीतील एका चुकीच्या बदलामुळे असेच घडले. गुप्त किल्ल्या घडविणाऱ्या कार्यक्रमास मिळणारे बीज इतके तोकडे झाले की एका प्रकारच्या, एका लांबीच्या जेमतेम ३२ हजार किल्ल्याच शक्य उरल्या. कुलपे लक्षावधी, पण किल्ल्यांचा जुडगा एवढासाच! म्हणूनच बीज कोठून आणावे, या प्रश्नाचे उत्तर अखेर निसर्गातच शोधावे लागते.

यंत्राची बांधणी

निसर्गातील ही अनिश्चितता पकडणारे छोटे यंत्र शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा घरच्या मेजावरही बांधता येते. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात सहज मिळणारा बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर त्याचा प्राण होय.

ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात. त्यांपैकी कलेक्टर मोकळा सोडावा. बेस ऋण टोकास जोडावा आणि एमिटर सुमारे एक लक्ष ओहमच्या रोधातून १२ व्होल्टच्या धन टोकास जोडावा. ही जोडणी नेहमीच्या उलट आहे. अशा उलट जोडणीत बेस व एमिटर यांमधील संधी वीज अडवून धरते. परंतु दाब साधारण आठ-नऊ व्होल्टच्या आसपास गेला की बांध फुटतो. एखादा इलेक्ट्रॉन वेगाने धावून दुसऱ्याला मोकळे करतो, ते दोघे आणखी काहींना आणि डोंगरउतारावरील दरडीप्रमाणे लोंढा सुटतो. हा लोंढा केव्हा सुटेल आणि किती मोठा असेल, याचे नेमके भाकीत करता येत नाही. वाटेतील मोठ्या रोधामुळे प्रवाह काही दशलक्षांश अँपिअरांपुरताच राहतो, म्हणून ट्रान्झिस्टर जळत नाही. एमिटरवर मात्र अखंड खरखर उमटत राहते. दोन केंद्रांच्या मध्ये रेडिओची सुई ठेवली असता ऐकू येते, त्याच जातीची ही खरखर होय.

ही खरखर अतिशय क्षीण असते. एका लहान धारित्रातून ती पुढे नेऊन तिचे वर्धन करावे लागते. त्यासाठी दुसरा ट्रान्झिस्टर किंवा वर्धक चकती चालते. नंतर एलएम ३९३ हा तुलनाकार येतो. वर्धित खरखर तिच्या सरासरी पातळीच्या वर असेल तर एक, खाली असेल तर शून्य, एवढाच निवाडा तो देतो. त्याचा निर्गम ५ व्होल्टच्या धन टोकास रोधातून बांधावा. म्हणजे १२ व्होल्टचा दाब पुढील नाजूक भागापर्यंत पोचत नाही. शेवटी आर्डुइनोसारखा सूक्ष्मनियंत्रक ठराविक अंतराने या निर्गमाकडे पाहतो आणि एक किंवा शून्य टिपून घेतो.

बांधणीत तीन पथ्ये पाळावीत. पहिले पथ्य विजेच्या घरगुती प्रवाहापासून दूर राहण्याचे. आपल्याकडे हा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो आणि त्याची गुणगुण कोणत्याही उघड्या तारेत शिरते. खरखरीत गुणगुण मिसळली की यदृच्छेत लय शिरते. म्हणून यंत्र विद्युत्घटांवर चालवावे आणि ॲल्युमिनियमच्या डब्यात बंद करावे.

दुसरे पथ्य उतावीळ न होण्याचे. वर्धकाला एका पातळीवरून दुसरीवर जाण्यास थोडा वेळ लागतो. तेवढ्यात पुन्हा पाहिले तर मागचेच उत्तर परत मिळते. शेजारचे अंक मग एकमेकांस चिकटतात. पुरेसे अंतर ठेवून टिपण केल्यास हा दोष जातो.

तिसरे पथ्य घटांवर नजर ठेवण्याचे. दीड व्होल्टचे आठ घट नवे असताना १२ व्होल्ट देतात. वापराने प्रत्येक घट १.१ व्होल्टवर आला की एकूण दाब ८.८ व्होल्ट उरतो आणि लोंढा थांबण्याच्या बेतास येतो. यंत्राची धोकादायक अवस्था हीच. लोंढा थांबला तरी तुलनाकार गप्प बसत नाही. तो वर्धकातील उरल्यासुरल्या हालचालीवर निवाडे देत राहतो. अंक येतच असतात, पण त्यांतील प्राण गेलेला असतो.

समतोलाची युक्ती

तुलनाकाराची पातळी नेमकी मध्यावर बसणे कठीण. समजा, शंभरांत साठ वेळा एक आणि चाळीस वेळा शून्य येतो. यावर जॉन फॉन नॉयमन यांनी १९५१ साली सुचविलेली युक्ती आजही उपयोगी आहे. आलेले अंक दोन-दोनांच्या जोड्यांत घ्यावेत. जोडी ‘शून्य-एक’ असेल तर शून्य लिहावा. ‘एक-शून्य’ असेल तर एक लिहावा. दोन्ही अंक सारखे असतील तर जोडी टाकून द्यावी. ‘शून्य-एक’ येण्याची संभाव्यता ०.४ गुणिले ०.६ आणि ‘एक-शून्य’ येण्याची ०.६ गुणिले ०.४. दोन्ही ०.२४, अगदी समसमान! झुकलेल्या नाण्यातून निर्दोष कौल मिळतो. किंमत मात्र मोजावी लागते. १०,००० कच्च्या अंकांच्या ५,००० जोड्यांतून सुमारे २,४०० अंकच हाती येतात.

ही युक्ती अंक परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच फळते. ‘शून्य, एक, शून्य, एक’ अशी ठेक्यात चालणारी मालिका तिच्यातून गेली तर सारे शून्यच बाहेर पडतील.

दशमान अंक हवे असल्यास चार-चार द्विमान अंकांचा गट करावा. त्यातून ० ते १५ अशा सोळा संख्या मिळतात. १० ते १५ सरळ टाकून द्याव्यात. त्या वाया जाऊ नयेत म्हणून दहाने भागून बाकी घेण्याचा मोह होतो. पण तसे केल्यास ० ते ५ या अंकांना ६ ते ९ यांच्या दुप्पट संधी मिळते. गावात ३४७ सर्व्हे क्रमांक असतील तर तीन-तीन अंक घेऊन ००१ ते ३४७ एवढेच स्वीकारावेत आणि बाकीचे निःशंकपणे सोडावेत. येथे काटकसर केली, की कोणाच्या तरी शेतावर अन्याय होतो.

कसोट्या

आता पारख. पहिली कसोटी संख्येची. १०,००० द्विमान अंकांत एकाची अपेक्षित संख्या ५,००० आणि तिचे प्रमाण विचलन ५०. म्हणजे निर्दोष यंत्र शंभरांतून सुमारे पंचाण्णव वेळा ४,९०० ते ५,१०० यांच्या दरम्यान उत्तर देईल. केरिच यांचे ५,०६७ छापे या मर्यादेत सहज बसतात. ५,३०० आले तर मात्र यंत्र उघडून पाहावे.

दुसरी कसोटी सलग गटांची. एकाच अंकाची अखंड मालिका म्हणजे एक गट. १०,००० अंकांत असे सुमारे ५,००० गट अपेक्षित असतात आणि येथेही प्रमाण विचलन ५० च्या जवळपास असते. गट ४,६०० च निघाले तर अंक चिकटत आहेत, टिपण घाईने होत आहे. गट ५,४०० निघाले तर यंत्र माणसासारखे वागत आहे, सारखी बाजू बदलत आहे. सर्वांत लांब गट बारा-चौदाच्या आसपास असावा. एवढा लांब गट पाहून नवख्याला शंका येते. जाणत्याला तो नसल्याची शंका येते.

तिसरी कसोटी काई-वर्गाची. समजा, १,००० दशमान अंकांत ० ते ९ हे अंक अनुक्रमे १०४, ९२, ९७, ११०, १०१, ९५, ८८, १०६, ९९ आणि १०८ वेळा आले. प्रत्येकाची अपेक्षा १००. प्रत्येक फरकाचा वर्ग करून त्यास शंभराने भागावे आणि बेरीज करावी. उत्तर येते ४.६. निर्दोष यंत्राचे हे उत्तर शंभरांतून नव्वद वेळा ३.३३ ते १६.९२ यांच्या दरम्यान असते. तेव्हा यंत्र येथे उतरले. उत्तर फार मोठे आले तर यंत्र पक्षपाती. पण फार लहान आले तरीही संशय घ्यावा. प्रत्येक अंक बरोबर शंभर वेळा आलेला दिसला, तर आकडे कोणीतरी घरी बसून लिहिले असण्याचाच संभव अधिक.

याहून कडक चाचण्यांचे संचही आता तयार मिळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या एका संचात पंधरा कसोट्या आहेत आणि त्यांसाठी लक्षावधी अंक लागतात. हौशी माणसालाही ते विनामूल्य वापरता येतात.

कसोटी घेताना मनाचा प्रामाणिकपणा लागतो. शंभरांतून पाच निर्दोष नमुने पहिल्या कसोटीत नापास होणारच. म्हणून एका अपयशाने यंत्र फेकून देऊ नये. परंतु नापास नमुने गुपचूप बाजूला सारून उत्तीर्ण होईपर्यंत कसोटी घेत राहणे, हे त्याहून वाईट. किती नमुने घ्यावयाचे हे आधीच ठरवावे आणि आलेले सारे निकाल वहीत नोंदवावेत.

कसोटीच्या पलीकडे

एवढ्या कसोट्या उतरल्या म्हणजे यंत्र निर्दोष ठरले काय? नाही. वर्तुळाच्या परीघ-व्यास गुणोत्तराचे अंक या साऱ्या कसोट्यांना उतरतात. पण ते कोणासही गणिताने काढता येतात. कसोटी दोष दाखविते, निर्दोषत्व सिद्ध करीत नाही.

अमेरिकेतील एका बहुराज्य लॉटरीत याचा दाहक प्रत्यय आला. तेथील माहिती सुरक्षेच्या प्रमुखानेच संख्या काढणाऱ्या संगणकात छुपी आज्ञावली घातली होती. वर्षातील ठराविक तीन तारखांना, काही अटी जुळल्या, की यंत्र त्याला आधीच अजमावता येतील असे अंक देई. इतर दिवशी ते चोख वागे. २९ डिसेंबर २०१० च्या सोडतीतील बक्षिसावरून संशय आला, तपास वर्षानुवर्षे चालला आणि २०१७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. रोजच्या अंकांवर कितीही कसोट्या घेतल्या असत्या, तरी हे कपट त्यांत दिसले नसते.

म्हणूनच आधुनिक शास्त्र दोन गोष्टींचा आग्रह धरते. अंक कोठून येतात, ते मूळ उघड आणि समजण्याजोगे असावे. आणि यंत्र चालू असतानाच त्याच्या आरोग्याची तपासणी होत राहावी. एकच अंक फार वेळ लागोपाठ आला, तर यंत्राने स्वतःच थांबावे. घट उतरल्याची खूण तेव्हाच मिळते. महत्त्वाच्या कामी दोन स्वतंत्र यंत्रांचे अंक एकत्र करावेत. एकात दोष शिरला तरी दुसरे निर्दोष असेल तर मिश्रण निर्दोषच राहते. बँकेच्या किल्ल्यांसारख्या जोखमीच्या कामी घरगुती यंत्रावर विसंबू नये, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. तेथे प्रमाणित साधनेच हवीत.

मग घरगुती यंत्राचा लाभ कोणता? लाभ दृष्टीचा आहे. एक ट्रान्झिस्टर, काही रोध, आठ घट आणि एक वही यांच्या साहाय्याने जो विद्यार्थी दहा हजार अंक गोळा करतो, त्यांतील एक आणि शून्य मोजतो, गुणगुण शोधून काढतो आणि नापास निकालही लिहून ठेवतो, तो पुढे तलाठी होवो, कृषी सहायक होवो वा अभियंता, त्याला एक प्रश्न विचारण्याची सवय लागते : ही निवड कशी झाली आणि ती तपासली कोणी? सोडत न्याय्य आहे एवढे सांगणे पुरेसे नसते. ती न्याय्य आहे हे कोणालाही पडताळून पाहता आले पाहिजे. घरासाठी अर्ज करणारे कुटुंब, शाळेच्या दाराशी उभा असलेला बालक आणि पावसाने पाठ फिरविलेल्या माळावरचा शेतकरी यांना संख्याशास्त्राची परिभाषा ठाऊक नसेल. त्यांच्या वाट्याला आलेला अंक कोणाच्या मर्जीतून उतरलेला नाही, याची हमी मात्र त्यांना मिळावयास हवी. ती हमी देण्याइतके शहाणपण गावोगावच्या प्रयोगशाळांतून तयार व्हावे, यातच या छोट्या यंत्राचे सार्थक आहे.